लिटरला वीस मिली

शिरगावच्या तिठ्याजवळ स्नेहल गमरेचं दुरुस्तीचं दुकान आहे. ग्रास कटर, फवारणीचे पंप, पॉवर टिलर, होडीची छोटी इंजिनं, जे येईल ते ती उघडते. तिने आयटीआय केलं, चिपळूणला शेती अवजारांच्या दुकानात चार वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी घरच्याच पडवीत स्वतःचं काम सुरू केलं. सुरुवातीला लोक यंत्र उतरवून इकडेतिकडे बघत विचारायचे, "मिस्त्री कुठे गेलेत?" तिला पाना हातात घेऊन उभं राहावं लागायचं. आता कोणी विचारत नाही.

तिची एक खोड मात्र गिऱ्हाइकांना छळते. यंत्र उघडण्याआधी ती प्रश्न विचारत बसते. कधीपासून? आधी काय झालं? कोण चालवतं? बंद पडताना आवाज कसा आला? घाईतले लोक वैतागतात. पण उत्तर सापडल्याशिवाय तिला चैन पडत नाही, आणि नुसता पार्ट बदलून यंत्र चालू झालं तर तिला ते उत्तर वाटत नाही.

ऑक्टोबरमध्ये मुकुल नाचणकर टेम्पोतून लॉन मोवर घेऊन आला. आरे-वारेच्या वर सड्याच्या पठारावर त्याचं आठ खोल्यांचं होमस्टे आहे. कातळावर ट्रकभर माती आणून त्याने समोर हिरवळ केली होती, आणि दिवाळीचं बुकिंग भरलं होतं. टेम्पोत मागे त्याचा गडी धाकू गोताड बसला होता. पन्नाशी उलटलेला, सडपातळ माणूस. मुकुलच्या वडिलांच्या वेळेपासून तो बागेत होता.

"नुसता धूर ओकतंय," मुकुल म्हणाला. "शहरातल्या मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, रिंगा गेल्या, बोअर घासला, नवीन इंजिन घाला. सव्वा वर्षाचं यंत्र आहे हो! ऑइल बघितलं नसणार यानेच." त्याने धाकूकडे मान उडवली.

धाकूने मोवर जपून खाली उतरवून भिंतीला नीट लावून ठेवला.

स्नेहलने दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं आणि पडवीभर निळसर पांढरा धूर झाला. रिंगा गेल्या की असाच धूर येतो. तळाचं तेल वर चढून जळतं. शहरातला मेकॅनिक उगाच बोलला नव्हता. तिने इंजिन बंद केलं, ऑइलची पट्टी काढून पुसली, परत घातली, परत काढली. तेल बरोबर वरच्या खुणेला होतं.

"ऑइल शेवटचं कधी घातलंत?" तिने धाकूला विचारलं.

"गणपतीच्या आदी बदललां. त्याच्यानंतर वर घालायला लागलाच नाय, बाय. दर खेपेला मी पट्टी बगतंय."

"वर घालायला लागलंच नाही?"

"नाय."

ही गोष्ट तिच्या डोक्यात अडकली. एवढा धूर होतोय म्हणजे तेल जळतंय. दीड महिना जळतंय, तर तळातलं कमी व्हायला हवं. ते कमी होत नाही. मग जळतंय ते तेल येतंय कुठून?

तिने प्लग काढला. काळा, ओला, तेलकट. पिस्टन वर आणून तिने प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडली आणि ऑइल भरायच्या तोंडाला कान लावला. रिंगा गेल्या असत्या तर हवा तिथून सूं सूं करत बाहेर आली असती. काहीच ऐकू आलं नाही. तिने मुकुलला बोलावलं.

"तुम्ही ऐका."

"काय ऐकू?"

"काही ऐकू येत नाही ना? तेच. रिंगा ठीक आहेत."

मग तिने वहीचा कागद फाडला. टाकीतल्या पेट्रोलचा एक थेंब त्यावर टाकला, आणि शेजारी आपल्या बाटलीतल्या साध्या पेट्रोलचा एक. दोन्ही थेंब पसरले. तिघं वाकून बघत राहिले. पाचेक मिनिटांत साध्या पेट्रोलच्या थेंबाची जागा कोरडी, आधीसारखी पांढरी झाली. टाकीतल्या थेंबाच्या जागी बाकरवडीच्या कागदावर राहतो तसा तेलकट डाग राहिला.

"तेल पेट्रोलमध्येच आहे," स्नेहल म्हणाली. "हे फोर-स्ट्रोक इंजिन. याचं तेल खाली वेगळं असतं, टाकीत नुसतं पेट्रोल घालायचं. तेल मिसळलेलं पेट्रोल लागतं ते तुमच्या ग्रास कटरला. तो टू-स्ट्रोक आहे, त्याला खाली तेलाची जागाच नसते."

"म्हणजे इंजिन गेलं?"

"नाही. असं चार वेळा घातलं म्हणून मरत नाही. धूर करतं, प्लग काळा होतो. पण वर्षभर असंच चालवलंत तर आत कार्बन धरेल, व्हॉल्व्ह चिकटतील. मग खरंच खर्चात पडाल."

मुकुल धाकूकडे वळला. "लाल कॅन ओतत होतास ना यात?"

"नाय, भाऊ," धाकू म्हणाला. "लाल कॅन कटरचा, पांढरा याचा. मी काय आंदला हाय?"

"मग तेल आभाळातून पडलं?"

पंप घेऊन आलेली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. धाकू टेम्पोच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. स्नेहलला ते बरं वाटलं नाही, पण मुकुलचं म्हणणं सगळ्यात सोपं होतं, आणि बहुतेक वेळा सोपं तेच खरं निघतं. तिने टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटर धुतला, नवा प्लग बसवला, स्वच्छ पेट्रोल घातलं. सायलेन्सरमधला जुना तेलकटपणा जळेपर्यंत धूर निघाला, मग निवला. इंजिन एका सुरात चालू लागलं.

आठ दिवसांनी मुकुलचा फोन आला.

"परत धूर. या वेळी पांढरा कॅन मी स्वतः पंपावरून भरून आणला होता सोमवारी. धाकूने मंगळवारी ओतलं, आज धूर. त्याला मी सांगितलं, उद्यापासून येऊ नको. तुम्ही फक्त परत साफ करून द्या."

स्नेहल फोन ठेवून तशीच बसली. कागदावरचा तो डाग तिने दाखवला होता. त्या डागावरून एका माणसाचं काम गेलं होतं. आणि तिला अजून माहीत नव्हतं की तेल कोणी घातलं. एवढंच माहीत होतं की ते आहे. एकदा बोलणी खाल्लेला माणूस आठ दिवसांत तीच चूक परत करेल? दर खेपेला पट्टी पुसून बघणारा माणूस?

तिने परत फोन लावला. "टाकी, दोन्ही कॅन, काहीच ओतू नका, काही धुऊ नका. मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटी घेऊन सड्यावर पोचली. यंत्रांची खोली स्वयंपाकघराच्या मागे होती. लाल कॅन, पांढरा कॅन, फळीवर टू-स्ट्रोक तेलाची बाटली. तिने दोन्ही कॅनमधून शंभर-शंभर मिली इंधन मापून दोन स्टीलच्या ताटल्यांत घेतलं आणि घरापासून लांब, जांभ्या दगडाच्या गडग्यावर उघड्यावर ठेवलं.

"हे काय?" मुकुलने विचारलं.

"पेट्रोल उडून जाऊ दे. तेल उडत नाही, ते खाली राहील. किती राहतं ते बघायचंय. पांढऱ्या कॅनमध्ये लाल कॅनमधलं गेलं असेल तर त्यावरूनही काही कळेल."

"अहो, पण कळून काय करायचंय? त्याला मी काढलाय."

"म्हणूनच," स्नेहल म्हणाली.

मुकुल पाहुण्यांकडे गेला. ती गडग्यापासून जरा दूर काजूच्या सावलीत बसली. थोड्या वेळाने मुकुलची आई बाहेर आली. कुसुमताई सत्तरीच्या होत्या, ताठ चालीच्या. तीस वर्षं त्यांनी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली होती आणि आजूबाजूच्या वाड्यांमध्ये लोक अजून त्यांना नर्सबाई म्हणत.

"काय वाळत घातलंयस ग, मुली?"

"पेट्रोल, काकी."

"पेट्रोल वाळवतात?" त्या लगेच शेजारी दगडावर टेकल्या. "कशाला?"

स्नेहलला असे प्रश्न विचारणारी माणसं आवडायची. पेट्रोल उडालं की तेल कसं मागे राहतं आणि ते कसं मोजायचं हे तिने सांगितलं, धुराचा आणि धाकूचा विषय मात्र काढला नाही. कुसुमताई लक्ष देऊन ऐकत होत्या. ताटल्यांना हात लावू नये हे त्यांना सांगावं लागलं नाही. दर पंधरा मिनिटांनी त्या लांबूनच वाकून बघून यायच्या आणि सांगायच्या, "अर्धं गेलं." "आता तळ दिसायला लागला." मधे त्यांनी कोकम सरबत आणून दिलं. ऊन चढलं तसं पेट्रोल भराभर उडालं.

साडेबाराला दोन्ही ताटल्यांत नुसतं तेल उरलं होतं. स्नेहलने पिशवीतून दोन इंजेक्शनच्या सिरिंजा काढल्या; माप घ्यायला ती त्याच वापरायची. ताटल्या तिरक्या धरून तिने एकेक थेंब ओढून घेतला. मुकुलही येऊन उभा राहिला.

"लाल कॅन, चार मिली," तिने वाचलं. "म्हणजे लिटरला चाळीस. कटरला लागतं तेवढंच, बरोबर मिसळलेलं." तिने दुसरी सिरिंज उजेडात धरली. "पांढरा कॅन, दोन मिली. जवळजवळ नेमकं."

"मग?"

"पांढऱ्यात लाल कॅनमधलं चुकून सांडलं असतं तर असं गोल माप कशाला आलं असतं? हे कोणीतरी मोजून घातलंय. लिटरला वीस मिली. हे कटरचं माप नाही. हे जुन्या मोपेडचं..."

"लिटरला वीसच," कुसुमताई म्हणाल्या. "मी कधी कमी-जास्त करत नाही."

मुकुल गर्रकन त्यांच्याकडे वळला.

"आई, तू घालतेस?"

"मग कोण घालणार? मागच्या महिन्यात बघितलं, धाकू मोवरमध्ये नुसतं पेट्रोल ओतत होता. त्याला म्हणाले, तेल घातलंस का? तो म्हणाला, याला नाय लागत. म्हटलं, हा विसरला. तेव्हापासून सकाळी नारळ आणायला खोलीत जाते तेव्हा कॅन नव्याने भरलेला दिसला की किती आहे बघते आणि त्या हिशोबाने घालते. तुझ्या पाठीमागे काही वाईट केलं का मी?"

"अग, पण धूर येत होता ना!"

"धूर येणारच. नोकरीत असताना माझी मोपेड काय धूर न काढता चालायची? धूर दिसला की मला बरं वाटायचं, तेल पोचतंय म्हणून."

मुकुल खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "आई, धाकूला मी काढला. तुला सांगितलं ना भातकापणीला गेलाय म्हणून, ते खोटं होतं. यासाठीच काढला. सगळ्यांसमोर बोललो त्याला."

कुसुमताई उठून घरात गेल्या आणि चपला घालून, छत्री घेऊन बाहेर आल्या.

"कुठे निघालीस या उन्हात?"

"त्याच्या वाडीवर. तू येतोस की एकटी जाऊ?"

मुकुलने गाडी काढली. स्नेहलला त्यांनी काही म्हटलं नव्हतं, पण कुसुमताईंनी मागचं दार उघडं धरलं आणि ती बसली. डाग दाखवणारी तीच होती. तिलाही जायचं होतं.

धाकू खळ्यात भाताच्या पेंढ्या झोडत होता. तिघं येताना बघूनही त्याने हात थांबवला नाही. कुसुमताई सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"धाकू, तेल मी घालत होते. तू नव्हेस."

आता त्याचा हात थांबला. "तुमी?"

"मला वाटलं तू विसरतोस. तुला परत विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

"मी सांगितलेलां तुमाला, याला नाय लागत म्हणून."

"सांगितलं होतंस. माझा विश्वास बसला नाही."

धाकूने पेंढी खाली ठेवली. त्याने मुकुलकडे बघितलं. मुकुल पुढे आला. "धाकूकाका, माझं चुकलं," तो म्हणाला. लहानपणी तो त्याला काका म्हणायचा. होमस्टे सुरू झाल्यावर कधीतरी ते सुटलं होतं. "उद्यापासून या."

"उद्या कसा येऊ? भात पडलाय." धाकूने कपाळ पुसलं. "आणि भाऊ, तुमी ह्या पोरीच्या दुकानात बोललाव मला. चार माणसा येतात थय. तिकडच्यांना कोण सांगणार?"

"मी सांगेन," स्नेहल म्हणाली. "ज्यांनी ऐकलं त्यांना मी सांगेन."

तो तिच्याकडे वळला. "तू त्या दिवशी मला इचारलंस, आणि मी सांगितलां ता ऐकून घेतलंस," तो म्हणाला. "बरा. भाऊबीज झाली की येतंय." मग त्याने बायकोला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. दिवाळीचे आठ दिवस मुकुलने स्वतः हिरवळ कापली, वेडीवाकडी का होईना.

वाडीवर जाऊन आल्यानंतरच्या शनिवारी दुपारी कुसुमताई एकट्याच रिक्षाने स्नेहलच्या दुकानात आल्या.

"मला ते आतून दाखव," त्या म्हणाल्या. "तू म्हणतेस याचं तेल खाली असतं. मग वर पिस्टनला कसं पोचतं? कळलं नाही तरी मी कॅनला हात लावायची थांबेन, पण मनातून थांबणार नाही."

स्नेहलकडे एक भंगारातलं फोर-स्ट्रोक इंजिन होतं. तिने त्याचं बाजूचं झाकण काढलं आणि कुसुमताईंचा हात धरून चाक फिरवायला लावलं. पिस्टन वर-खाली होऊ लागला. खाली दांड्याला एक छोटी पळी होती. दर फेऱ्याला ती तळातल्या तेलात बुडून वर यायची.

"ही बघा. ही तेल उडवते. जोरात फिरतं तेव्हा आत सगळीकडे तेलाचा शिडकावा होतो."

कुसुमताईंनी चाक हळू फिरवलं, मग उलटं फिरवलं. "आणि मोपेडला ही पळी नव्हती."

"नव्हती. तिथे तळातूनच पेट्रोल जातं. म्हणून तेल पेट्रोलबरोबर पाठवावं लागतं. नाही पाठवलं तर पिस्टन तापून जाम होतो, धरतो."

"धरतो," कुसुमताई म्हणाल्या. "माझा धरला होता."

त्यांनी चाक सोडलं आणि स्टूल ओढून बसल्या. ब्याण्णव सालची गोष्ट. पंपावर तेलाची मशीन बंद होती, आणि वरच्या वाडीतून निरोप आला होता की बाई अडलीय. पुढे कुठेतरी तेल घेऊ म्हणून त्यांनी नुसतं पेट्रोल भरलं. चढावर मोपेडने एकदम दम सोडला आणि मागचं चाक जाम झालं. त्या तिथेच ती टाकून, पेटी घेऊन दीड तास चालत गेल्या. बाई वाचली. मूल गेलेलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, आधी पोचला असतात तरी कदाचित... ते सगळं म्हणाले. पण मला एक कधीच कळलं नाही, आणि विचारणार कोणाला? दुसऱ्या दिवशी मिस्त्री मोपेड आणायला गेला तेव्हा ती एका किकमध्ये सुरू झाली. आपोआप. मग मी थोडं थांबले असते तर? अर्धा तास थांबून परत सुरू करून बघितली असती तर मी लवकर पोचले असते का?"

कुसुमताईंना धीर नको होता, उत्तर हवं होतं.

"किती चढ होता?"

"अजून तीन किलोमीटर. सगळा चढ."

"तुमच्याकडे तेल होतं?"

"एक थेंब नाही."

"मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी तेल घालून सुरू केली?"

कुसुमताईंनी आठवून बघितलं. "हो. बाटली घेऊनच गेला होता. आणि उतारावरून खाली आणली."

"थंड झाल्यावर पिस्टन सुटतो," स्नेहल म्हणाली. "म्हणजे थांबला असतात तर सुरू झाली असती. पण पाऊण तास तरी थांबावं लागलं असतं. आणि तेल नाही, चढ आहे, पिस्टन आधीच ओरबाडलेला. पाचशे-सातशे मीटरवर परत धरलीच असती. मग परत पाऊण तास. तुम्ही चालत गेलात तेच लवकर पोचलात, काकी. तुमच्या जागी मी असते आणि मला इंजिनाचं सगळं माहीत असतं, तरी मी चालतच गेले असते."

"खरं सांगतेस? माझ्यासाठी म्हणून नाही ना?"

"मी हिशोब करून सांगतेय. पटत नसेल तर परत विचारा."

त्यांनी खरंच परत विचारलं. पिस्टन किती वेळात थंड होतो, उन्हात आणि सावलीत किती फरक पडतो, गाडी ढकलत नेऊन काही झालं असतं का. स्नेहलने एकेक सांगितलं. जे तिला नक्की माहीत नव्हतं तिथे तसंही सांगितलं. बराच वेळ गेला. शेवटी कुसुमताईंचे प्रश्न संपले. त्यांनी पदराने डोळे टिपले, चष्मा परत लावला आणि उघड्या इंजिनाकडे वाकल्या.

"हा वरचा छोटा दांडा कशाला आहे?" त्यांनी विचारलं.

"तो व्हॉल्व्ह उघडतो. थांबा, झाकण काढते, मग दिसेल."